टकाचोरानं न खाल्लेलं अंडं

हळद शिजायला लागली की आमच्या गावात नाकाचा उपयोग संपतो. थंडी सरता सरता शेताशेतांत बॉयलर लागतात, वाफेचा तो ओला, मातकट, घशाला जरासा कडू लागणारा वास घरात घुसतो, आणि मग वरणाला तोच वास, दुधाला तोच, उशीच्या अभ्र्याला आणि लेकरांच्या डोक्यालाही तोच. हातांचं तर विचारूच नका. कितीही घासा, नखांच्या कडा पिवळ्या त्या पिवळ्याच. दाराची कडी पिवळी, लाइटचं बटण पिवळं, मोबाईलची काच पिवळी. शिरड शहापूरकडून येणारा एखादा नवखा पाहुणा विचारतोसुद्धा, "गावात लगीन हाय का कुणाचं?" लग्न नसतं हो, हळदीचा हंगाम असतो.

याच दिवसांत टकाचोर ओरडायला लागतो. तसा तो बारा महिने इथेच असतो, पण एरवी त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. गोठ्यामागच्या निंबावर आज सकाळी त्यानं पहिली हाक दिली तेव्हा मी भाकरी थापत होते. हात आपोआप थांबला. तव्यावरची भाकरी करपली, आमच्या ह्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, टकाचोर." ते करपलेली भाकरी मुकाट्यानं खाऊन शेतात गेले.

दिसायला देखणा आहे मेला. विटकरी अंग, काळसर डोकं, पंखावर पांढुरका पट्टा आणि लांबच लांब शेपूट, टोकाला काळं. मनात आलं तर इतका गोड बोलतो की ऐकणाऱ्यानं कोकिळा समजावं, आणि बिनसलं की गंजलेल्या कडीसारखा खरखरतो. मला त्याच्या गोड आवाजाचीच जास्त भीती वाटते. पैसा चोरतो म्हणून ह्याला टकाचोर म्हणतात असं लोक सांगतात. पैसा चोरताना मी तरी त्याला कधी बघितला नाही, अंडी खाताना मात्र कितीदा तरी बघितलाय.

मध्यंतरी मोबाईलवर शोधलं होतं. विलायतेत ह्याचा एक चुलतभाऊ असतो, मॅगपाय नावाचा, काळापांढरा. त्याचीही ख्याती हीच, दुसऱ्याच्या घरट्यातली अंडी आणि पिलं खाण्याची. तिकडची माणसंही म्हणे तो एकटा दिसला की मनात चरकतात. एवढी शिकलेली, गोरीगोमटी माणसं, तीही पाखराला भितात हे वाचून मला बरं वाटलं. म्हणजे आम्हीच तेवढे घाबरट नाही.

त्याची पद्धत बघण्यासारखी असते. तो घरटं शोधत फिरत नाही, घरटं बांधणाऱ्याला बघत बसतो. बुलबुल काडी घेऊन कुठल्या झुडपात जातो, होला कुठल्या फांदीवर घुटमळतो, हे सगळं निंबाच्या आतल्या अंगाला बसून निवांत बघतो. घाई म्हणून नाही. घरटं पुरं होऊ देतो, अंडी पडू देतो. मग जोडीनं येतात. एक जण पुढे होऊन ओरडतो, बुलबुल जिवाच्या आकांतानं त्याच्यामागे लागतात, तोवर दुसरा मागून घरट्यात. एक अंडं फोडून खातो आणि जातो. बाकीची तशीच ठेवतो. बुलबुल परत येतात, उरलेल्या अंड्यांवर बसतात. दुसऱ्या दिवशी हा पुन्हा हजर. उरलेली अंडी कुठे जाणार नाहीत, हे त्याला ठाऊक असतं. कोतवाल पाखराच्या झाडाला तेवढा तो जपून असतो, कारण कोतवाल त्याला बोचकारून काढतो. बाकी सगळ्या झाडांवर राज्य त्याचंच.

मी हे सगळं खूप वर्षांपूर्वीच्या एका हंगामात शिकले. त्याआधी मला पाखरांतलं काडीचं कळत नव्हतं. लग्न होऊन आले होते, कडेवर मुलगा होता, आणि माझी मोठी नणंद, रेखाताई, बाळंतपणाला माहेरी आली होती.

रेखाताईचं दोनदा अर्ध्यातच गेलं होतं. तिसऱ्या वेळी सासरच्यांनी आधीच आणून घातली, म्हणाले, तुमच्या लेकीला तुमच्याच डोळ्यांसमोर ठेवा. ती आली तेव्हापासून आमच्या घरात कुणी मोठ्यानं हसायचं नाही. दार आदळायचं नाही. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो, त्यांनी तर दाराच्या उंबऱ्यापासून गोठ्याच्या खुंट्यापर्यंत सगळ्याला नियम लावून दिला होता. त्यातला सगळ्यात मोठा नियम म्हणजे घरात गरवार बाई असताना कुणी जीव मारायचा नाही. एकदा न्हाणीत इंचू निघाला, तर आमच्या ह्यांनी तो चिमट्यात धरून वेशीबाहेर नेऊन सोडला. मी मनात म्हटलं, हा आता तिकडच्या कुणाला तरी चावणार. पण बोलायची सोय नव्हती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रेखाताईला रोज अंडं खायला सांगितलं होतं, अंगात रक्त कमी म्हणून. आता आत्याबाई माळकरी, अंडं घरात आणायची बात नाही. मग तोड निघाली. शेजारच्या कौसामायनं दोन कोंबड्या आणून दिल्या, त्या गोठ्यात दुरडीत अंडी घालायच्या, आणि अंगणात तीन दगड मांडून मी ते अंडं उकडायचं. रेखाताईनं बाहेर बसूनच खायचं, चूळ भरायची आणि मग आत यायचं. तिच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता, त्यात मी काडेपेटी आणि मिठाची पुडी ठेवायचे.

कौसामायबद्दल सांगायला हवं. एकटी बाई. नवरा ऐन जवानीत गेला, पोटी लेकरू नाही. पण आमच्या आळीत तिच्या मांडीवरून गेलं नाही असं लेकरू नाही. बाळ आणि बाळंतीण न्हाऊ घालणं हे तिचं काम. लांब पाय करून बसायची, बाळ पालथं टाकायची आणि तेलाचा हात असा फिरवायची की रडणारं पोर तिच्या पायांवरच झोपून जायचं. माझ्या मुलाचं डोकं तिनंच गोल केलं. त्या कामावर तिचं पोट होतं आणि, खरं सांगायचं तर, त्या कामामुळेच तिला आळीत मान होता. नाहीतर बिनलेकराच्या विधवेला कुणी ओटीच्या कार्यक्रमाला दारात उभं करतं का? तिला करायचे. "माझ्या हातून नाळ मोकळी झालेली लेकरं हाईत समदी," म्हणायची आणि खुशाल हसायची. रेखाताईच्या पोटातल्या बाळाची तर ती जणू वाटच बघत होती. रोज येऊन ताईच्या सुजलेल्या पायांना तेल लावून द्यायची.

आणि त्याच दिवसांत टकाचोराला आमची दुरडी सापडली.

पहिल्या दिवशी एक अंडं फुटलेलं. मला वाटलं कोंबडीनंच तुडवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग मी गोठ्याच्या आडोशाला उभी राहून बघितलं तेव्हा तो दुरडीच्या काठावर बसला होता. मान तिरकी करून अंड्याकडे बघत होता. मग चोच मारली, बेतानं, आपण खोबऱ्याला भोक पाडतो तशी. माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा खायला लागला. मी हुसकलं तेव्हा उडाला, पण लांब गेला नाही. निंबावर बसून गोड आवाजात बोलत राहिला.

आम्ही दुरडीवर सूप झाकलं, तर कोंबड्या दुसरीकडे घालायला लागल्या. त्याला ते आमच्या आधी सापडायचं. अंडं दिसायला छोटी गोष्ट, पण घरातल्या बायकांचे चेहरे बदलायला लागले. आत्याबाईंच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. रोज एक अंडं फुटून राहिलंय, आणि घरात लेक पोटुशी आहे. रेखाताई तर निंबाकडे बघायचीच नाही. एकदा मला म्हणाली, "वहिनी, ते पाखरू माझ्याच खोलीकडं काहून बघत बसतंय?" मी म्हटलं, "ताई, त्याला अंडी पाहिजेत, तुम्ही कशाला." म्हणून झाल्यावर माझी जीभ मलाच चावावीशी वाटली.

माझे सासरे, मामा म्हणतो आम्ही त्यांना, हे सगळं बघत होते. मोठा मायाळू माणूस. बोलणं कमी, तंबाखू जास्त. लेकीला ताटात काय वाढलं हे उंबऱ्यावर बसून बघायचे. अंडं फुटलेलं दिसलं की त्यांच्या कपाळाची शीर उडायची. एकदा मला हळूच म्हणाले, "सूनबाई, ह्या पाखराचा काहीतरी बंदोबस्त करावा लागतोय." मी म्हटलं, "आत्याबाई काही करू देतील का मामा?" त्यांनी तळहातावरचा चुना तंबाखूत मळला आणि चिमूट तोंडात टाकली. मला वाटलं विषय मिटला.

विषय मिटला नव्हता हे ज्या दिवशी कळलं तो दिवस मी विसरू म्हटलं तरी हळद विसरू देत नाही. बॉयलर भाड्याचा असतो, तो ठरल्या वेळी येईल याचा काही भरवसा नसतो. आधीच्याचं आटोपलं की निरोप येतो आणि हातातलं टाकून पळावं लागतं, नाहीतर तो पुढच्या शेताला निघून जातो. त्या सकाळी असाच निरोप आला. आदल्या दिवसापर्यंत सगळे हळदीची माती झाडत होते, हात कोपरापर्यंत पिवळे. मामा गोठ्यात काहीतरी करत होते, ते तसेच उठले आणि आमच्या ह्यांना घेऊन शेतात गेले. जाताना दोनदा मागे वळून बघितलं. मला वाटलं, बैलांना पाणी दाखवायचं राहिलं असेल. मी पाणी दाखवलं.

उन्हं चढल्यावर कौसामाय आली. ताईच्या पायांना तेल लावलं, कोनाड्याखालच्या दगडावर बसून दोन गोष्टी बोलली, "पोट उतरलं की गं, जास्ती दिवस न्हाईत आता," म्हणाली आणि घरी गेली.

तिच्या मागोमाग आत्याबाई काडेपेटी घ्यायला कोनाड्याशी गेल्या. बराच वेळ काही आवाज आला नाही म्हणून मी बघायला गेले, तर त्या भिंतीला टेकून जमिनीवर बसलेल्या. तोंड पांढरं. बोट तेवढं वर केलेलं. कोनाड्यात, मिठाच्या पुडीच्या शेजारी, एक अंडं होतं. हळदीनं माखलेलं, आणि वरच्या टोकाला लालभडक टिकली, कुंकवाची असावी तशी.

आमच्याकडे अशा अंड्याचा अर्थ लहान पोरालाही ठाऊक असतो. तिठ्यावर असं अंडं दिसलं की माणसं वाट बदलतात. आणि हे तर पोटुशीच्या खोलीच्या भिंतीत. मीही दोन पावलं मागे सरले, खोटं कशाला बोलू. तरी मी म्हटलं, "आत्याबाई, असेल काहीतरी, मी नेऊन टाकते." त्यांनी माझा हात धरला. "हात लावू नको, तू लेकुरवाळी." तेवढ्यात धुरपाकाकी आल्या. ह्या माझ्या चुलत सासूबाई, त्यांना कुठलीही गोष्ट आळीत सगळ्यांच्या आधी कळते. त्यांनी अंडं बघितलं, दगडावरचा तेलाचा डाग बघितला, आणि विचारलं, "हितं कोण बसलं व्हतं?"

पुढचं सांगायची गरज नाही. कोंबड्या कुणी दिल्या? कौसानं. अंडी कधीपासून फुटायला लागली? कोंबड्या आल्यापासून. पोट उतरलं असं कोण म्हणालं? कौसा. पोटी लेकरू कुणाला नाही? जी बाई कालपर्यंत सगळ्या आळीची लेकरं पायांवर घेत होती, ती चार वाक्यांत चेटकीण झाली. धुरपाकाकींनी हाक मारून तिला बोलावलं. ती आली तेव्हा तिच्या हाताला अजून तेल होतं. आणखी दोघीतिघी बायका दारात जमल्या होत्या.

"हे काय हाय कौसा?"

कौसामायनं कोनाड्यात बघितलं. ती इतकी सरळ बघत होती की मला वाटलं आता तरी सगळ्यांना कळेल. "मला काय माहीत," ती म्हणाली. "म्या न्हाई ठेवलं."

"तू न्हाई ठेवलं तं मंग खाऊन दाखव," धुरपाकाकी म्हणाल्या. "ज्यानं केलं त्याला ते खाववत न्हाई. तुझं न्हाई ना? मंग तकलीफ काय?"

आतून रेखाताईचा आवाज आला. "आई, कौसामायला काही म्हणू नको गं." ती रडत होती. आत्याबाई भल्या बाई आहेत, आयुष्यात कुणाला वाईट बोलल्या नाहीत, पण त्या वेळी त्या फक्त लेकीचं पोट बघत होत्या, दुसरं काही त्यांना दिसत नव्हतं. कौसामायनं एकदा त्यांच्याकडे बघितलं. त्या "नको" म्हणतील म्हणून थांबली असावी. त्या म्हणाल्या नाहीत.

"आणा हिकडं," कौसामाय म्हणाली. "पर आदी पाणी द्या. हात धुते. लेकराच्या घरात खातेय."

मी पळाले. तिला अडवायची माझी टाप नव्हती, पण मामांचा शब्द कुणी मोडत नाही हे माहीत होतं. शेत जवळच. बॉयलरपाशी धुराचा आणि वाफेचा एकच लोट. मामा शिजलेली हळद पसरून घेत होते. मी धापा टाकत सांगितलं, कोनाड्यात हळदीकुंकवाचं अंडं सापडलंय, कौसामायला खायला लावून राहिलेत.

मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी परक्या भाषेत बोलतेय. "कुंकू?" ते म्हणाले. "म्या कुंकू कुठं लावलं?"

मग त्यांनी स्वतःचे हात बघितले. पिवळे जर्द. बंडीच्या खिशावर चुन्याच्या डबीचा डाग. हळदीला चुना लागला की लाल होतं, हे आमच्याकडे शिकवावं लागत नाही. मुका मार लागला की तोच लेप लावतो आम्ही, कौसामायनंच कितीदा लावून दिलाय. त्यांनी अंड्याला भोक पाडून आत कपाशीवर मारायचं औषध घातलं होतं, टकाचोरासाठी. भोक चुन्यानं बुजवलं होतं. पाखरू त्या खोलीकडेच बघत बसतं आणि कोंबड्या तिथे पोचत नाहीत म्हणून ते कोनाड्यात ठेवलं होतं. पाखरू येईपर्यंत राखण करायची आणि मग अंडं पुरून टाकायचं असा त्यांचा बेत होता. तेवढ्यात बॉयलरचा निरोप आला आणि घाईत अंडं तिथेच राहिलं. हे सगळं मला नंतर जुळलं. त्या क्षणी ते एवढंच म्हणाले, "सूनबाई, पुढं पळ. औषध हाय त्यात."

वाळत घातलेल्या हळदीवरून मी कशी आले मला आठवत नाही. अंगणात आले तेव्हा कौसामाय उंबऱ्याच्या दगडावर अंडं आपटत होती. मी तिच्या हातावर मारलं. अंडं खाली पडून फुटलं, आणि त्या सगळ्या हळदीच्या वासातूनही तो औषधाचा उग्र वास वर आला. सगळ्या बायकांनी पदर नाकाला लावला.

"विष आहे त्यात," मी म्हटलं. मला वाटलं, सुटली बिचारी.

धुरपाकाकी एक पाऊल मागे सरकल्या. "बघा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "करणी बी केली आन् वरून विष बी घातलं."

कौसामायच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरलं. तोवर ती ताठ उभी होती. करणीचा आळ घेऊनही बाई जगते, गाव बोलतं आणि दमतं. पण गरवार बाईच्या खोलीशी विष ठेवलं म्हटल्यावर तिच्या मांडीवर परत कुणी लेकरू देणार नव्हतं. हे तिला कळलं होतं आणि मला कळलं होतं. मी बोलायला तोंड उघडलं, पण माझं ऐकतं कोण, मी कालची सून. खरं काय ते एकाच माणसाला सांगता येत होतं, आणि तो माणूस तेवढ्यात दारात येऊन पोचला.

मामांच्या एका पायात चप्पल नव्हती. दाराच्या चौकटीला धरून ते उभे राहिले. बोलण्याइतका श्वास नव्हता. त्यांनी आत्याबाईंकडे बघितलं, मग खोलीच्या दाराकडे. रेखाताई तिथे येऊन उभी होती, दोन्ही हात पोटावर. मला आजही वाटतं, त्या घटकेला ते गप्प राहिले असते तर राहू शकले असते. गावानं कौसामायला धरलंच होतं. आपल्या लेकीच्या खोलीच्या भिंतीत, आपल्याच हातानं विष ठेवलं, हे लेकीसमोर सांगायचं म्हणजे काय ते बापालाच माहीत. धुरपाकाकी म्हणाल्या, "भावजी, तुमीच बघा आता काय करायचं हिचं."

"तिचं काई न्हाई त्यात," मामा म्हणाले. "म्या ठेवलं. पाखरासाठी."

आत्याबाईंनी विचारलं, "घरात लेक अशी आसताना?" त्यांचा आवाज इतका बारीक होता की ऐकूच आला नसता, पण ऐकू आला. मामा तिथेच उंबऱ्याबाहेर खाली बसले आणि फुटलेल्या अंड्यावर दोन्ही हातांनी माती ओढायला लागले. कोंबड्या जवळ यायला बघत होत्या, त्यांना हुसकत होते आणि माती ओढत होते. एवढा मोठा माणूस माझ्यासमोर रडला. मला रडू आलं नाही, मला सगळ्यांचा राग आला होता.

कौसामायनं हात लुगड्याला पुसले. "झालं का तुमचं?" ती म्हणाली. "मंग जाते." आणि गेली. तिला कुणी थांब म्हटलं नाही. चुकलं असं कुणी म्हटलं नाही. बायका एकेक करून पांगल्या. निंबावर ते पाखरू होतं. त्या अंड्याला त्यानं सकाळपासून चोच लावली नव्हती. का, ते त्यालाच ठाऊक. औषधाचा वास आला असेल, नाहीतर कोनाडा माणसांच्या फार जवळ वाटला असेल. पण मला एकच येतं मनात. ते पाखरू आलं नसतं तर आम्ही कौसामायला किती ओळखतो हे आम्हाला कधी कळलं नसतं. आणि हे कळून आमचं काही भलं झालं, असं मला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट मनात येते, ती मी घरात कधी बोलले नाही. त्या सकाळी आत्याबाईंच्या आधी मी काडेपेटी घ्यायला गेले असते आणि घाईत ती लाल टिकली नजरेतून सुटली असती, तर मला त्या अंड्यात काहीच वावगं दिसलं नसतं. हंगामात सगळंच पिवळं असतं. मी ते उचललं असतं, तीन दगडांवर पाणी ठेवलं असतं आणि ताईला हाक मारली असती. एवढं मनात आलं की मी हातातलं काम सोडून अंगणात येऊन उभी राहते. आत्याबाईंना विचारलं तर त्या म्हणतील देवानं वाचवलं. वाचवलं खरं, पण कुणाच्या जिवावर, ते त्या विचारत नाहीत.

रेखाताईला मुलगी झाली. दिवस भरून, दवाखान्यात, सुखरूप. घरी आणली तेव्हा हळद पोत्यांत भरून झाली होती, पण वास गेला नव्हता. नाव ठेवायच्या आधी प्रश्न आला न्हाऊ कोण घालणार. धुरपाकाकींनी साखरा गावाकडच्या कुणा बाईचं नाव काढलं. मामा म्हणाले, "कौसाच घालंल." त्या दिवसानंतर ते घरात पहिल्यांदा कशात बोलले होते. पण बोलवायला जाणार कोण? शेवटी आत्याबाई गेल्या. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण परत आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजले होते.

कौसामाय दुसऱ्या दिवशी आली. नेहमीसारखी हसली नाही. न्हाणीपाशी बसली, पाय लांब केले, साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले. मी बाळ आणून तिच्यापुढे धरलं. तिनं घेतलं नाही. आधी दोन्ही हात पुढे केले, तळवे वर, बोटं पसरलेली, आणि आत्याबाईंकडे बघितलं. मग ते हात उलटे केले, नखं दाखवली.

"बघून घ्या," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मंग द्या लेकरू."

आत्याबाईंना काय करावं कळेना. त्या नुसत्या बघत राहिल्या, आणि बघणं हेच तर ती मागत होती. मग तिनं बाळ घेतलं, पालथं टाकलं, आणि तेलाचा हात पहिल्यासारखाच फिरायला लागला. बाळ तिच्या पायांवरच झोपलं. रेखाताई खोलीच्या दारात तोंडात पदर धरून उभी होती.

तेव्हापासून कौसामाय प्रत्येक घरात असंच करते. आता म्हातारी झाली, गुडघे धरतात, तरी आळीत बाळंतीण आली की तिलाच बोलावतात. माझी मुलगी झाली तेव्हा मी म्हटलं, "माय, मला तरी दाखवू नको गं." ती म्हणाली, "दाखवते. सवय बरी आसती." आणि दाखवले.

परवा समोरच्या घरात नातू झाला. त्यांची सून पुसेगावची, नवी, तिला मागचं काही माहीत नाही. मी बाळ बघायला गेले होते. कौसामाय पाय लांब करून बसली होती, तिला आताशा विसरायला होतं, तिनं सरळ बाळासाठी हात पुढे केले. सुनेनं बाळ छातीशी धरून ठेवलं. पोरगी मोठ्या मायेनं, आदबीनंच म्हणाली, "माय, हात दाखवायचे राहिले की. आमच्या सासूबाई सांगतात, हितली रीत हाय तशी."

कौसामायनं माझ्याकडे बघितलं नाही. म्हातारीनं दोन्ही तळवे वर केले, बोटं पसरली, आणि सून नीट वाकून बघत होती तोवर तसेच धरून बसली.